आवतण जुन्या गल्लीनं फिरतं

आमच्या गावात लग्नाचं आवतण द्यायला निघालेला माणूस पाहिला, तर बाहेरच्याला तो रस्ता चुकलाय असंच वाटेल. गाव आखीव आहे. रस्ते सरळ आणि रुंद, घरांना क्रमांक. एका टोकापासून सुरुवात केली की तासाभरात दुसऱ्या टोकाला पोचता येतं. पण आवतण देणारा पहिलं घर उत्तरेच्या टोकाचं घेतो, दुसरं एकदम शाळेच्या मागचं, तिसरं पुन्हा उत्तरेचं, चौथं पाण्याच्या टाकीजवळचं. उन्हातान्हात गावाला तीन-चार हेलपाटे होतात. तो चुकलेला नसतो, जुन्या गावातून चालत असतो. मारुतीच्या देवळापासून निघालं की आधी पाटलांचा वाडा, मग बोळातलं सुताराचं घर, मग आमचं, आमच्या भिंतीला भिंत लागून चुलत्यांचं, मग आडापलीकडचं कासाराचं. या क्रमातलं एकही घर आज त्या जागी नाही. तरी क्रम आहे. कुणाचं घर मधेच गाळलं तर माणसं वर्षभर अबोला धरतात.

लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरची 52 गावं 1993 च्या भूकंपानंतर मूळ जागेवरून उठवून दुसरीकडे वसवली गेली. आमचं त्यांतलं एक. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले होते. 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हलली. जवळपास आठ हजार माणसं गेली. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातही किल्लारीच्या परिसरात धक्के बसले होते. तेव्हा लोक कितीतरी रात्री अंगणात झोपले, आणि पुढं भीती ओसरली तसे घरात परतले. आमच्याकडची घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, वर लाकडावर तोललेलं माळवद आणि त्यावर मातीचे थर. पावसाळ्याआधी गळती लागू नये म्हणून त्या थरांवर नवी माती पडायची. पिढ्यान्‌पिढ्या पडत आलेली. ते घर उन्हाळ्यात गार असायचं, थंडीत ऊब द्यायचं, आणि त्याच वजनाखाली माणसं दबली. माझी आज्जी आणि धाकटा काका त्या पहाटे गेले. मी सातवीत होते.

त्या पहाटेबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. मला लिहायचंय ते नंतरच्या दिवसांबद्दल. जी माणसं उरली, ती ‘आपण कोण’ हे पुन्हा कशाच्या आधारानं सांगू लागली, याबद्दल.

आयुष्य उलथलं की स्वतःला कसं सावरावं यावर हल्ली बरंच बोललं जातं. मन खंबीर करा, स्वतःशी बोला, तुमची खरी ओळख तुमच्या आतच आहे. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण हे सल्ले मला अपुरे वाटतात, कारण आत बघावं तर आत काहीच उरलेलं नाही अशी वेळ आलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. माझे दादा त्यांतलेच. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. भूकंपानंतर आम्ही आधी रानात ताडपत्रीखाली होतो, मग पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. पाऊस लागून राहिला होता. दादा शेडच्या तोंडाशी गुडघ्यांत डोकं घालून बसायचे. कुणी विचारलं, ‘जेवलात का?’ तर मान हलवायचे. ती ‘हो’ म्हणून की ‘नाही’ म्हणून, ते कळायचं नाही. आई गेली, भाऊ गेला, घर गेलं, दावणीचा एक बैल गेला. ज्या ज्या गोष्टीवरून माणूस स्वतःला ओळखतो, ती प्रत्येक गोष्ट एका मिनिटाच्या आत गेली होती. अशा माणसाला कुठल्या आत डोकावायला सांगणार?

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा आमच्याकडे रब्बीच्या पेरणीचा काळ. जवारी, हरभरा, करडई. एके सकाळी माझा मामा निलंग्याकडून बैलजोडी आणि पेरणीची तिफण घेऊन आला. शेडपुढं गाडी सोडली, पाणी प्यायला आणि दादांना म्हणाला, “दाजी, वाफसा जाईल.” बाकी काही नाही. ना ‘धीर धरा’, ना ‘देवाची मर्जी’. काळ्या रानात पाऊस उघडल्यावर माती ना चिखल ना कोरडी अशी थोडेच दिवस राहते; तेवढ्यात पेरलं तर उगवतं. ती वेळ निघून चालली होती आणि मामानं तेवढंच सांगितलं.

दादा उठले. धोतराचा सोगा खोचला आणि तिफणीच्या बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरली. मी बांधावर बसून बघत होते. मूठ सुरुवातीला थरथरत होती, बी कुठं दाट कुठं विरळ पडत होतं. मामा बैल हाकत पुढं बघत राहिला, एकदाही मागं वळला नाही. दोन-चार तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, झाल्या आणि दादांची मूठ जागेवर आली. तीन नळ्यांतून बी सारखं उतरू लागलं. त्या हाताला कधीपासून पेरणं येत होतं आणि त्या येण्याला त्या पहाटेनं हात लावलेला नव्हता. संध्याकाळी दादा पोटभर जेवले, आणि मग रडले. माय सांगते, तोपर्यंत त्यांना रडताही आलं नव्हतं.

पुढच्या आयुष्यात मी जे काही पाहिलं ते या एका दुपारच्या आधारानं समजून घेत आले. दादांना कुणी ‘तुम्ही कोण’ हे सांगितलं नाही. रानानं त्यांच्याकडे त्यांचं काम मागितलं. जमीन सांत्वन करत नाही, पण ती मागते, ठरल्या वेळी मागते, आणि तिच्या मागण्यात माणसाची ओळख धरलेली असते. गावठाण हललं, शेतं हलली नाहीत. आमच्या भागातली माणसं पुन्हा उभी राहिली त्यात मदतीचा, सरकारचा, देशभरातून आलेल्या हातांचा वाटा आहेच. पण गट नंबर तेच राहिले, बांध तेच राहिले, याचा वाटाही फार मोठा आहे. त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

त्या वर्षी अधिक भाद्रपद आल्यामुळं सगळे सण उशिरा होते. येळवस जानेवारीत आली. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवच्या लोकांना ती काय आहे हे सांगावं लागत नाही. जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात आणि शहरातले रस्तेसुद्धा ओस पडतात. सगळी माणसं रानात असतात. उभ्या पिकात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, त्यांना चुना-काव लावायची. तुरीचे दाणे, ओला हरभरा, वालाचे दाणे, पालेभाज्या असं रानात जे जे आलंय ते सगळं बेसन-ताकात शिजवून केलेली भज्जी, सजगुऱ्याचे, म्हणजे बाजरीचे, उंडे, गव्हाची खीर, आणि नव्या मडक्यातली आंबील. पूजा झाली की ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणत पिकावर आंबील शिंपडत रानाला फेरी मारायची. या ओळीतले शब्द आमच्या लेकरांना कळत नाहीत, आम्हालाही नीट कळत नाहीत, शेजारच्या कानडीतून आले असणार. सगळे मोठ्यानं म्हणतात.

तर त्या जानेवारीत प्रश्न पडला. घरात दोन माणसं गेलेली, वर्ष झालेलं नाही, दुखवट्यात सण धरत नाहीत. दादा म्हणाले, “यंदा काय नको.” शेडमधल्या बहुतेक घरांचं तेच म्हणणं होतं, कुणाच्या घरातलं कुणी गेलं नव्हतं? तेव्हा आमची एक चुलत आज्जी, जिची दोन्ही नातवंडं गेली होती, ती म्हणाली, “दुखवटा आपल्याला हाय, रानाला कसला?”

मग तोडगा निघाला. गोडधोड नाही, पाहुणे नाहीत, खीर नाही. पण कोप झाली आणि पांडव मांडले गेले. भज्जी झाली, कारण रानात दाणे तयार होते आणि ते वाया घालवणं पाप. आंबील शिंपडताना दादांचा आवाज मधेच बसला, तेव्हा चुलत आज्जीनं पुढची ओळ उचलली, मग आम्ही. बांधापलीकडच्या रानातूनही तीच ओळ ऐकू येऊ लागली, मग त्याच्याही पलीकडून. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आमचं गाव अजून आहे.

नवं गाव व्हायला त्यानंतर बराच काळ गेला. घरं मिळाली ती जमिनीच्या हिशेबानं. भूमिहीन आणि 1 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, 1 ते 7 हेक्टरवाल्यांना 400, आणि त्याहून जास्त असलेल्यांना 750. सरकारला कुठला तरी हिशेब लावावा लागणारच होता. पण एका मापाची घरं एका भागात आली आणि गल्ल्या फुटल्या. ज्या बाईकडे विस्तव मागायला, मिठाचा खडा मागायला माय अर्ध्या रात्री जायची, ती गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. नवं गाव पसरट. घर ते घर अंतर इतकं, की ओट्यावरून दिलेली हाक समोरच्याला पोचायची नाही. जुन्या गावात भांडणसुद्धा आपापल्या दारात बसून करता यायचं. भूकंपाच्या मृत्यूंचे आकडे झाले, नुकसानीचे झाले. या हाकेचा आकडा कुठं नाही.

लोकांनी मग आपापल्या परीनं गाव शिवायला घेतलं. दोन-चार वर्षांत सिमेंटच्या घरांपुढं ओसऱ्या निघाल्या, अंगणाला भिंती आल्या, दारात तुळस आली. काहींनी जुन्या ढिगाऱ्यातून काढून जपलेला चौकटीचा दरवाजा नव्या भिंतीत बसवला. कितीतरी वर्षं लोक दगडाच्या भिंतीला पाठ टेकवायला भ्यायचे, पण दरवाजा त्यांना जुनाच हवा होता. आणि आवतण जुन्या क्रमानं फिरू लागलं. हे कुणी बैठक घेऊन ठरवलं नाही. पहिल्या लग्नात आवतण द्यायला निघालेल्या म्हाताऱ्याचे पाय तसे वळले, आणि मागून तीच रीत पडली.

इथवर लिहून थांबले असते, तर हा लेख फार गोड झाला असता. पण माझी एक वर्गमैत्रीण आहे, जुन्या गावात गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहणारी. मी एकदा तिच्यापुढं या आवतणाच्या रीतीचं कौतुक करू लागले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्या वाटेवर आमचं घर कितवं यायचं, आठवतंय का तुला?” मला आठवत होतं. शेवटचं. आणि कितीतरी लग्नांत तेही यायचं नाही. तिच्यासाठी नवं गाव म्हणजे पहिल्यांदा दारापुढून गेलेला डांबरी रस्ता होता, बाकीच्यांच्या घरासारखंच सिमेंटचं घर होतं, क्रमांक होता. नव्या गावानं जात पुसली असं ती म्हणत नाही. वस्त्या तिथंही वेगळ्याच पडल्या. पण जे मोडलं त्यातलं काही मोडायलाच हवं होतं, हे ती ठामपणे म्हणते. तिनं मुलीच्या लग्नात आवतण घर क्रमांक 1 पासून सरळ ओळीनं दिलं. जुन्या लोकांत कुजबुज झाली. ती सगळ्यांच्या दारात गेली, स्वतः गेली, कुणाला गाळलं नाही.

तेव्हापासून ‘आपली ओळख जपायला हवी’ असं कुणी सरसकट म्हणालं की मी थबकते. कुठली ओळख, कुणाची, आणि ती जपण्याचा खर्च कोण सोसणार? मोठा बदल येतो तेव्हा जे जातं ते सगळंच रडण्यासारखं नसतं. माझ्या मैत्रिणीनं स्वतःला उभं केलं ते जुन्यातलं काय सोबत घ्यायचं नाही हे ठरवून. त्यालाही तितकंच बळ लागतं, कदाचित जास्तच.

आमच्या पिढीला आणखी एक ओळख कागदावर मिळाली, भूकंपग्रस्ताचा दाखला. सरकारी नोकरीत भूकंपग्रस्तांसाठी समांतर आरक्षण आहे आणि आमच्या भागातली कितीतरी मुलं त्या आधारानं पोलिसात, शाळेत, दवाखान्यात लागली. तो दाखला म्हणजे उपकार नव्हता, हक्क होता. ज्यांच्या घरातले कमावते गेले त्यांच्यासाठी तर ती भाकरी होती. पण वसतिगृहात, नोकरीत, सासरी, कुणाला ‘किल्लारीकडची’ एवढं सांगितलं की समोरचा माणूस आवाज उतरवायचा आणि विचारायचा, “तुमच्या घरचं कोण गेलं?” वर्षानुवर्षं हाच पहिला प्रश्न. आमच्याकडं कसली भज्जी करतात, आमच्या मायच्या ओव्या कशा आहेत, आमचं गाव कबड्डीत कुणाकुणाला हरवायचं, हे कुणी विचारलं नाही. दुःखावरून ओळखलं जाणं हेही एक घरच असतं आणि त्यात आयुष्यभर राहता येतं. काही जण राहिले. मला त्यांना दोष द्यायचा नाही. मी स्वतः मात्र तिशीच्या आसपास ठरवलं की गावाबद्दल कुणी विचारलं तर सुरुवात येळवसेपासून करायची.

इथं मावशीबद्दल सांगितलंच पाहिजे. तिचं गाव उठवलं गेलं नाही. अशा शेकडो गावांत घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. त्या कामात सरकारनं गावोगावच्या महिला मंडळांना संवाद सहायक म्हणून नेमलं. योजना काय आहे हे घराघरांत समजावून सांगायचं आणि लोकांचं म्हणणं इंजिनिअरपर्यंत न्यायचं. मावशी चौथी शिकलेली. तोवर ती गावात अमक्याची सून, तमक्याची बायको. डोक्यावरचा पदर कपाळाखाली घेऊन चालणारी. प्रशिक्षणाला जाऊन आली आणि लोकांच्या भिंती बघत फिरू लागली. भिंतीच्या दोन्ही अंगांना धरून ठेवणारे लांब दगड मधेमधे का बसवायचे, माळवदावरची माती किती कमी करायची, गज कुठं वाकवायचा, वाळूत माती किती आहे ते मुठीत धरून कसं ओळखायचं. पुरुष हसले. मग पहिल्या दोन-तीन घरांचं काम तिच्या सांगण्याप्रमाणं झालं, आणि गवंडी भिंत उचलायच्या आधी विचारायला येऊ लागले, “बाई, बघून जाता का?”

मावशीचा नवरा भूकंपाच्या आधीच वारला होता. तिला हरवायलाही फार काही उरलं नव्हतं असं लोक म्हणायचे. पण ज्या दिवशी तिच्याकडे काहीतरी मागायला माणसं दारात आली, त्या दिवसापासून ती दुसरीच बाई झाली. पदर खांद्यावर आला, आवाज मोकळा झाला. योजना संपली, इंजिनिअर गेले, पण ‘बाईंना विचारू’ हे राहिलं. पुढं बचत गट तिनं काढला, ग्रामसभेत ती बोलायची. तिच्या मनाचं बळ कुठून आलं असं मला लोक विचारतात. बळ तिच्याकडं आधीही असणार. पण गावानं ते मागितलं नसतं, तर ते तिच्यासोबत चुलीपुढंच संपलं असतं. आमच्या भागात अशी किती बायकांची बळं न मागता संपली असतील, या विचारानं मला अजूनही त्रास होतो.

मी नर्स झाले. सोलापूरला शिकले आणि पुण्यात एका मोठ्या सरकारी रुग्णालयात लागले. ‘सिस्टर’ ही हाक मला इतकी अंगवळणी पडली होती की बाजारात कुणी दुसऱ्याला मारली तरी मी वळायचे. चाळिशीनंतर मणक्याच्या दुखण्यानं वॉर्डातलं काम बंद झालं आणि नोंदी ठेवायच्या खोलीत बदली झाली. गणवेश कपाटात गेला. पगार तोच, सुट्ट्या जास्त, रात्रपाळी नाही. सगळे म्हणाले, बरं झालं. मला मात्र सकाळी साडी नेसताना हात जड व्हायचे. रुग्णालयाच्या त्याच जिन्यावरून चढताना मी तिथं पाहुणी आहे असं वाटायचं. हे दुःख काही भूकंपाएवढं नव्हतं, पण जात तीच होती.

यावेळी मला कुणी बैलजोडी घेऊन आलं नाही, पण जे झालं ते त्याच प्रकारचं होतं. वॉर्डातल्या नव्या मुलींना म्हाताऱ्या माणसांची शीर सापडायची नाही. त्वचा पातळ, शीर सरकती, दोन-तीनदा टोचून म्हातारा रडकुंडीला यायचा. एकदा एक मुलगी धावत माझ्या खोलीत आली. “सिस्टर, चला ना.” मी गेले. त्या आजोबांचा हात आधी कोमट पाण्याच्या कापडात गुंडाळून ठेवला, मग खाली लोंबता सोडला, त्यांच्याशी त्यांच्या गावाबद्दल बोलत राहिले, आणि बोटाच्या टोकानं शोधलं. डोळ्यांपेक्षा बोटाला शीर लवकर कळते. एका टोचण्यात झालं. मुलीनं पुन्हा करून दाखवायला सांगितलं. पुढं अशा मुली येत राहिल्या. आता आठवड्यातून एकदा मी त्यांना रीतसर शिकवते. पाठ अजून दुखते, गणवेश कपाटातच आहे. बोटांना मात्र काम आहे.

आणि मग मायचा प्रश्न आला, जो अजून पुरता सुटलेला नाही.

दादा गेल्यावर, गुडघ्यांच्या उपचारासाठी म्हणून मायला मी पुण्याला आणलं आणि ती राहिली. आमचं घर चौथ्या मजल्यावर. माझ्या नवऱ्यानं, मुलीनं, शेजाऱ्यांनी तिला फुलासारखं जपलं. “आई, बसा.” “आजी, तू कशाला उठतेस?” “काकू, आराम करा हो.” दिवसभर हेच. माय बसली. सहा महिन्यांत इतकी बसली की उठायलाच विसरली. बोलणं कमी झालं. नावं चुकू लागली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, वयाप्रमाणं ठीक आहे म्हणाले. संध्याकाळी गॅलरीत उभी राहून खालच्या गाड्या बघायची. एकदा मला म्हणाली, “हितं मला कुणी काय सांगत नाय, आन्‌ कुणी काय इचारत नाय.”

मला दादा आठवले, शेडच्या तोंडाशी बसलेले. मायभोवती घर होतं, औषध होतं, प्रेम होतं. तिच्याकडं मागणारं कुणी नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी मायेनं, तिच्याकडून सगळं काढून घेतलं होतं. म्हाताऱ्या माणसांना शहरात आणणाऱ्या माझ्या पिढीच्या कितीतरी घरांत हेच चाललंय, आणि त्याला आपण सेवा म्हणतो. मला हे फार लागतं, म्हणून स्पष्ट लिहिते.

मी भावाला फोन केला. तो गावी शेती बघतो. त्याला म्हटलं, दर दोन दिवसांनी मायला फोन करायचा आणि खुशाली विचारायची नाही, सल्ला विचारायचा. आधी त्याला पटलं नाही. ती इतक्या लांब, तिला काय कळणार इथली हालत. तरी त्यानं सुरू केलं. तूर कधी खुडायची, कुठल्या बांधावरची बाभळ तोडायची, शेजारच्यानं बांध कोरला तर कुणाला मध्ये घालायचं. पहिले काही फोन दोन वाक्यांत संपले. मग मायचा आवाज चढू लागला. बांधाच्या भांडणात तर तिनं जुन्या मोजणीपासूनचा इतिहास काढला. कोणाच्या आज्यानं कोणाला किती फूट सोडले होते ते सांगितलं, आणि ते बरोबर निघालं. आमच्या इमारतीत लातूर-उदगीरकडची दोन बिऱ्हाडं आहेत हे मला इतकी वर्षं राहून ठाऊक नव्हतं. मायनं लिफ्टमध्ये बोलण्याच्या ढबीवरून ओळखलं. त्यातली एक सून आता आंबील फसफसत नाही म्हणून वर येऊन विचारते. माय आता तिला रागावतेसुद्धा.

गुडघे सुधारलेले नाहीत. नावं अजून चुकतात. गावी परत जायचं म्हणते, आणि तिथं एकटीनं राहणं जमणार नाही हेही तिला कळतं. मी तिला इथं आणून तिचं काहीतरी मोडलंय आणि ते पूर्ण सांधता येणार नाही, हे आम्ही दोघी जाणतो. पण येळवसेला तिला घेऊन जायचं हे ठरलेलं आहे, आणि त्यावरून सध्या फोनवर भांडण पेटलं आहे.

झालंय असं, की आमच्या भागात जवारी कमी होत चालली. खरिपात सोयाबीन, मागून हरभरा. मजुरी परवडत नाही, काढणीला माणूस मिळत नाही. भावानं यंदा जवारी पेरायची नाही असं ठरवलं. म्हणजे कडबा नाही. म्हणजे कोप कशाची करणार? तो म्हणाला, हिरवी शेडनेट बांधू, आता बरेच जण तसंच करतात, सावली तर पडतेच. मायनं फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. रात्री पुन्हा फोन मागितला. म्हणाली, “इहिरीच्या वरच्या अंगाला, बाभळीखाली, चार तासं पेर. कोपीपुरती. खळं करू नको, हुरडा खाऊ, कडबा बांधू.” भाऊ म्हणाला, तेवढ्यासाठी तिफण कोण आणणार? माय म्हणाली, हातानं एकेक बी टोक. त्यानं बराच वेळ काही उत्तर दिलं नाही, मग बरं म्हणाला.

परवा त्याचा फोन आला, टोकलीय म्हणून. मायनं विचारलं, बी कुठलं? तो म्हणाला, दुकानातलं, पाकिटातलं. माय म्हणाली, माझ्या मोठ्या दिराकडं घरची मालदांडी जवारी आहे, उतरंडीत राख घालून ठेवलेली, ती का नाही आणलीस, यावर दोघांचं जे सुरू झालं ते माझी मुलगी क्लासहून परत आली तरी चालूच होतं.